खलबत्त्यावरचं नाव

आई,

आज दुपारी तुझ्या आईचं नाव मी माझ्या हाताने खोडलं. दचकू नकोस, ते तिचं नव्हतंच. ते तुझ्या सासूचं होतं, आणि सासूला तुझी आई करून ठेवण्याचा पराक्रमही माझाच. पंचवीस वर्षं तो सरकारी कागदावर शाबूत आहे. हे सगळं नीट सांगायचं तर मला फार लांबून, म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा नावाच्या राज्यातल्या एका शेतावरून सुरुवात करावी लागेल, आणि तू कपाळाला हात लावशील. अडलेल्या बाईच्या घरची माणसं उपकेंद्रात येऊन रामायणापासून सांगायला लागली की तू त्यांना थांबवायचीस, 'कळा कधीपासून येतायत तेवढं बोला' म्हणायचीस. पण आता मी सत्तावन्न वर्षांची आहे. तू गेलीस तेव्हा होतीस त्याहून दोन वर्षांनी मोठी. मोठ्या माणसाचं जरा ऐकून घे.

तुझी नात, जिला तू फक्त फोटोत पाहिलंस, तिचं लग्न होऊन आता तीन वर्षं झाली. नवरा पुकेकोहेचा. ऑकलंडच्या दक्षिणेला हे गाव आहे, लाल मातीचं, कांद्याबटाट्यांचं. आम्ही राहतो त्या फ्लॅट बुशपासून गाडीने अर्धा-पाऊण तास. जावयाच्या घरी तिथे शेती आहे, आणि शेताच्या कडेला जुन्या घरात त्याची आजी राहते. वय अठ्ठ्याऐंशी. मूळची आयोवाची, विशीत असताना इथल्या एका कांदे पिकवणाऱ्याशी लग्न करून आली ती परत गेली नाही. शेजारची शेतं पिढ्यान्‌पिढ्या गुजराती माणसांची, त्यामुळे हिंदुस्थानी माणूस दिसला की आजीबाई मोठ्याने 'केम छो' म्हणतात. पहिले दोन महिने मी त्यांना मराठी आणि गुजराती यांतला फरक समजावून सांगितला. पालथ्या घड्यावर पाणी. आता मी 'मजामा' म्हणते आणि चपला दाराबाहेर काढून आत जाते.

दीड वर्षापूर्वी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर एक खोकं पुढे ठेवलं. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग अधू होत चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. खोक्यात त्यांच्या पणजीचे कागद होते. दीडशे वर्षांपूर्वीची ही बाई, आयोवातल्या शेतावर जन्म काढलेली. एक फोटो, त्यात ती पायरीवर बसलीय आणि काखेत कोंबडी आहे. लग्नाच्या नोंदीची एक नक्कल, आणि पुढे कुणाकुणाकडून मागवलेल्या जनगणनेच्या पानांच्या प्रती. आजीबाईंना एकच गोष्ट हवी होती. ही बाई कुणाची मुलगी? ती स्वतः कधी आईबद्दल बोलली नाही, असं तिच्या मुलीने सांगितलं होतं, आणि तिथेच धागा तुटला होता. डॉक्टरांनी सांगितलंय, पुढच्या वर्षीपर्यंत नजर फारशी उरणार नाही. त्याआधी त्यांना ते नाव हवं होतं. आणि मलाच का, तर मी फार्मसिस्ट. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात माझी अर्धी हयात गेली. हल्ली औषधांच्या चिठ्ठ्या छापून येतात, त्यामुळे ती विद्या गंजत पडली होती. जुन्या कारकुनांची ती वळणदार, शाई फुटलेली अक्षरं मी भराभर वाचून दाखवली तेव्हा त्यांनी माझा हातच धरला. तेव्हापासून दर रविवारी मी जाते. त्या चहा करतात, कडेच्या नजरेने कपात दूध ओततात, थोडं बशीत सांडतं, आणि मी वाचते.

त्या कागदांनी मला वेड लावलं, आई. जनगणनेला आलेल्या माणसाने त्या बाईच्या नावापुढे कामाच्या रकान्यात 'घर सांभाळते' एवढंच लिहिलंय. शेतीच्या वेगळ्या तक्त्यात मात्र गाई किती, डुकरं किती, लोणी किती निघालं ते सगळं आहे. लोणी कुणी काढलं ते नाही. आणखी पुढच्या एका पानावर, ती म्हातारी झाल्यावर, तिला विचारलंय, मुलं किती झाली, त्यातली हयात किती. त्या दोन आकड्यांपाशी मी वाचायची थांबले. आजीबाईंना वाटलं अक्षर लागत नाहीये. अक्षर चांगलं लागत होतं. पण हाच प्रश्न, याच क्रमाने, तुझ्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकला होता. साताऱ्याकडच्या त्या गावात, उपकेंद्राच्या खोलीत, लोखंडी खाटेवर बसलेल्या बाईची नाडी धरून तू विचारायचीस, 'किती झाली? त्यातली किती आहेत?' मधल्या क्षणात बाई खाली बघायची. तूही मग रजिस्टरात बघायचीस, तिचं तिला आकडा लावू द्यायचीस.

त्या रजिस्टरावरून एकदा तू मला बोलली होतीस. मी सहावीत असेन. माझं अक्षर तुझ्याहून बरं, म्हणून शनिवारी दुपारी तू चिठ्ठ्यांवरून सांगायचीस आणि मी रजिस्टरात उतरवायचे. त्या दिवशी तू औषधांच्या बाटल्या पुसत होतीस, मी आपली आपण उतरवत होते. एका चिठ्ठीवर तूच घाईत खरडलं होतंस, 'वरच्या वस्तीवरच्या थोरल्याची बायको.' मी आईच्या नावाच्या रकान्यात तसंच्या तसं लिहिलं, वर सुबक रेघही मारली. तू येऊन बघितलंस. हे नाव आहे का, म्हणालीस. मी म्हटलं, चिठ्ठीवर तेच आहे. तू आवाज चढवला नाहीस, तू कधीच चढवायची नाहीस, आणि म्हणूनच भीती वाटायची. 'बाईला नाव असतं. जा, विचारून ये.'

मी भर उन्हात, नाक फुगवून, वरच्या वस्तीपर्यंत चालत गेले. वाटेत तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते आता सांगत नाही. ती बाळंतीण बाजेवर पडली होती, माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. नाव विचारलं तर पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, 'माहेरचं का सासरचं?' लग्नात नाव बदलतात हे मला ठाऊक होतं, पण रजिस्टराला कुठलं लागतं ते कुठे ठाऊक होतं? मी दोन्ही घेऊन आले. तू दोन्ही लिहायला लावलीस. रकाना पुरेना, तेव्हा एक समासात लिहिलं. मग तू मला गुळाचा खडा आणि पाणी दिलंस. रागावल्याबद्दल काही बोलली नाहीस. माझा राग गूळ विरघळेपर्यंत टिकला.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐक. आयोवाच्या बाईच्या लग्नाच्या नोंदीत तिचं पूर्ण नाव होतं. पहिलं तिचं, मग मधलं, मग माहेरचं आडनाव. मधलं नाव सरळसरळ पुरुषाचं. त्याच नावाचे एक डॉक्टर आमच्याच दवाखान्यात आहेत. मी मनात म्हटलं, दीडशे वर्षं ही माणसं काय शोधत बसली होती? मधलं नाव नवऱ्याचं नाही, म्हणजे बापाचं. नावातच बाप लिहिलेला आहे. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळेल. मी त्या नावाचा आणि त्या आडनावाचा माणूस शोधायला लागले, आणि खरं सांगू, सापडला. शेजारच्या राज्यात, योग्य वयाचा, पदरी तीन मुली. धाकटीचं वयही जुळत होतं. चार महिने मी त्याच्या मागे होते. तो कुठून आला, त्याने जमीन कुठे घेतली, त्याची बायको कशी लवकर गेली. मला वाटलं, म्हणूनच ती आईबद्दल बोलत नसणार. मला त्या पोरक्या मुलींची इतकी माया लागली की मी एकदा आजीबाईंना वाचून दाखवताना रडले. त्याही रडल्या.

मग एका रविवारी, फीजोआ फळांची बादली दोघींच्या मध्ये ठेवून आम्ही चमच्याने गर काढून खात होतो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, की हाच तिचा बाप हे कुठल्या कागदात मिळालं? मी म्हटलं, तिच्या नावातच आहे की. त्यांना कळेना. मी आपली पद्धत समजावली, माझं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, बाप कुठे बसतो, लग्नानंतर त्या जागी नवरा कसा येतो, सगळं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, मला उठून पाठ चोळावी लागली. त्यांच्याकडे मधल्या नावाला असला काही नियमच नाही. त्यांचं स्वतःचं मधलं नाव त्यांच्या आईच्या शाळेतल्या मैत्रिणीचं आहे. चार महिन्यांचा बाप एका दुपारी गेला. मी ओशाळले, तर त्या म्हणाल्या की असू दे, त्या बिचाऱ्या मुलींनाही कुणीतरी आठवायला हवंच होतं.

पण त्या चुकीतूनच वाट निघाली. आजीबाई म्हणाल्या, पूर्वी पुष्कळ घरांत मुलाला किंवा मुलीला मधलं नाव म्हणून आईच्या माहेरचं आडनाव देत. मी आता आडनाव म्हणून त्या नावाचा शोध घेतला. तीन आठवड्यांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र सापडलं. त्यात त्याने एका मुलीला, जी अमक्याची बायको आहे, एक दुभती गाय आणि पिसांची गादी ठेवली होती. तो अमका म्हणजे आमच्या बाईच्या माहेरच्या आडनावाचा माणूस. पुढे चर्चच्या वहीत त्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा निघाला, नाव तेच, मधलं नाव तेच. सापडली, आई. त्या बाईची आई सापडली. सासरी जाताना हातून सुटलेलं आपलं माहेर तिने लेकीच्या नावाच्या ऐन मध्यात लावून ठेवलं होतं. जी जागा आपल्याकडे बापाची, मग नवऱ्याची, तिथे तिने स्वतःला ठेवलं. मी ते नाव मोठ्याने वाचलं तेव्हा आजीबाईंनी मला तीनदा वाचायला लावलं. मग त्या उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मोटरवेने घरी येताना विनाकारण तुझ्यावर रागावले होते. तुझं माझ्या नावात काहीच नाही, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

चार महिन्यांपूर्वी तुला पणती झाली. केस काळेभोर, डोळे कसले होणार ते अजून ठरत नाही. तिच्यासाठी आजीबाईंनी उरलेल्या वॉलपेपरची गुंडाळी काढली, मागची पांढरी बाजू स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले. त्यावर दोन्हीकडच्या बायका लिहायच्या. फक्त बायका, कारण पुरुष कुठेही सापडतात, असं त्यांचं म्हणणं. लिहायला तुझी नात, मार्करने. एका बाजूने त्यांच्या घरची रांग चढत आयोवापर्यंत गेली, अगदी त्या गादी मिळालेल्या बाईपर्यंत. दुसऱ्या बाजूला लेक, मग मी, मग तू. तुझं नाव लिहिताना पोरीने मला मराठीत कसं लिहायचं विचारलं, आणि चित्र काढावं तसं काढलं. त्यावर एक वर्तुळ. तुझी आई. आजीबाई माझ्याकडे तोंड वळवून थांबल्या. आणि मला सांगता येईना. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. दीड वर्षं मी परक्या बाईची आई शोधत कुठे कुठे फिरले होते.

मी म्हटलं, विचारून सांगते. घरी येऊन मामीला फोन लावला. मामा जाऊन नऊ वर्षं झाली, ते तुला वर भेटले असतीलच. मामी म्हणाली, 'अगं, मी लग्न होऊन आले तेव्हा त्या नव्हत्याच. आणि घरात सगळे त्यांना वहिनी म्हणायचे ना, तुझे मामासुद्धा. पोटच्या पोरांनीच वहिनी म्हटल्यावर नाव कुठलं राहतंय?' हे मला आठवत होतं. तूही म्हणायचीस, 'आमची वहिनी अशी, आमची वहिनी तशी.' दिरांचं ऐकून ऐकून पोरांनीही तेच उचललेलं. मामीने आणखी दोन फोन करून बघितले. कुणालाच ठाऊक नाही.

मग मी खलबत्ता हातात घेतला. तुझा पितळी खलबत्ता, तू मला इकडे येताना देऊ केलेला, जो मी तू गेल्यावर आणला. माझ्या ओट्यावर खिडकीशी असतो, वेलची कुटते मी त्यात. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं आहेत, चिंचेने घासून घासून बुजलेली. मी चष्मा लावून, मोबाइलचा दिवा तिरका धरून ती वाचली. तुझं माहेरचं नाव आहे, त्या नावाने तुला हाक मारणारं आता जगात कुणी उरलं नाही. 'चि.' आहे, मग ते नाव, मग 'हीस', आणि पुढे 'आईकडून'. बस. भांड्यावर नाव घालणाऱ्या त्या माणसाने विचारलं असेल, काय घालू? आणि तिने सांगितलं असेल, आईकडून. तिला त्यात काही कमी वाटलं नसणार. मलाही माझ्या लेकीला काही द्यायचं असतं तर मी तेच घातलं असतं. पण मला त्या क्षणी हातातला खलबत्ता जमिनीवर आपटावासा वाटला, इतकी मला ती हवी होती. आणि तिच्यापेक्षा तू.

पुढच्या रविवारी मी काही बोलायच्या आतच तुझ्या नातीने बॅगेतून एक फाइल काढली. माझ्या जुन्या कागदांच्या कपाटात तिला तुझा मृत्यूचा दाखला मिळाला होता. 'मम, इट्स राइट हिअर. मदर्स नेम. यू नेव्हर टोल्ड मी, वी हॅव अ डॉक्युमेंट.' आजीबाईंनी टाळी वाजवली. कागद म्हणजे कागद, त्या म्हणाल्या. पोरीने वाचून वाचून वर्तुळात नाव लिहिलंसुद्धा. मी बघत राहिले. ते तुझ्या सासूचं नाव होतं. माझ्या आजीचं, जी तुला आयुष्यभर 'लोकांची बाळंतपणं करत हिंडते' म्हणायची, आणि जिला शेवटी तूच न्हाऊमाखू घातलंस. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. दोघींचे चेहरे इतके खुलले होते. पोर तर बाळाला मांडीवर घेऊन ते नाव सांगत होती. मी उठून चहाचे कप विसळले.

ते नाव दाखल्यावर कसं आलं ते आता तुला सांगते. तू गेल्याचं कळलं आणि मी तीन विमानं बदलून आले. सगळं उरकल्यावर पाचव्या दिवशी नगरपालिकेत फॉर्म भरायला गेले. बाबा आधीच गेलेले, भाऊ नाही, म्हणजे मीच. मृताचे नाव, वय, पतीचे नाव, सगळं भरलं. आईचे नाव, हा रकाना कोरा ठेवून मी फॉर्म पुढे सरकवला. खिडकीतल्या माणसाने तो परत दिला. रागाने नाही, शांतपणे म्हणाला की ताई, हे राहिलंय. माझ्या मागे माणसं उभी होती, त्यांच्याही हातात तसेच फॉर्म होते. मला फक्त एकच आजी ठाऊक होती, म्हणून तिचं नाव लिहिलं. सुवाच्य अक्षरात. वरच्या वस्तीपर्यंत चालत जायला लावणारं माणूस आता मागे नव्हतं.

तीन रविवार मी ते वर्तुळ तसंच राहू दिलं. म्हटलं, काय बिघडतं? कुणाला कळणार आहे? पण दर वेळी टेबलापाशी बसलं की मला तो अमेरिकेतला चुकीचा बाप आठवायचा. उद्या तुझी पणती माझ्याएवढी होईल आणि अशीच चार-चार महिने तुझ्या सासूच्या माहेराचा माग काढत बसेल, तिच्यासाठी रडेलही. आज पोर बाळाला झोपवायला आत गेली तेव्हा मी आजीबाईंना सगळं सांगितलं. नगरपालिकाही सांगितली. मला वाटलं त्या पुन्हा हसतील. हसल्या नाहीत. ड्रॉवर चाचपून त्यांनी व्हाइटनरची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. चुकीचं नाव असलं की माणसं शोधायची थांबतात, म्हणाल्या, रिकामं असलं तर कुणीतरी पुढे कधीतरी शोधतं. मी नाव पुसलं. वॉलपेपरवर पांढऱ्यावर आणखी पांढरा डाग पडला. पोर बाहेर आली, तिने बघितलं, मी तिलाही सांगितलं. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तिने जवळ येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि मराठीत म्हणाली, 'आई, तुझी आई कशी होती?' तिने मला आई म्हटलं, आणि मराठीत विचारलं, आणि इतक्या वर्षांत मी तिला तुझ्याबद्दल धड काही सांगितलेलंच नाही हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं. मी तिला वरच्या वस्तीची गोष्ट सांगितली. आजीबाईंसाठी परत इंग्रजीत सांगितली.

निघताना आजीबाईंनी विचारलं, तुझ्या आईने तुला तिच्या आईचं नाव कधीच सांगितलं नाही? मी म्हटलं, नाही, कधीच नाही.

तेव्हापासून मला चैन नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते कळतं मला. घडी करून खलबत्त्यात ठेवीन, आणि उद्या चहाला वेलची कुटायची झाली की बाहेर काढावंच लागेल. पण 'जा, विचारून ये' म्हणालीस ना तू, म्हणून विचारायला आलेय, आणि विचारायला येताना खोटं बोलून येता येत नाही.

मी निघाले त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. हे आधीच येऊन इथे राहिले होते, मी एकटीच निघणार होते. वीस किलोची मर्यादा. तू उपकेंद्रातला, पोटुशा बायकांचं वजन करायचा काटा घरी आणला होतास. मी बॅग काट्यावर उभी केली होती आणि बॅगेखालून आकडा दिसेना म्हणून जमिनीला गाल टेकवून बघत होते. तू माझ्या शेजारी बसली होतीस, अबोली रंगाच्या, काठ विरलेल्या लुगड्यात. खलबत्ता जुन्या टॉवेलात गुंडाळून तूच बॅगेत कोंबला होतास. तू म्हणालीस, 'असू दे तो. तू औषधं करणारी, तुला लागेल. माझ्या आईने दिलाय मला. तिचं नाव...' आणि तू तिचं नाव घेतलंस. तुझ्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकत होते. वहिनी नाही म्हणालीस. नाव म्हणालीस, आणि मग ती कुठल्या गावची, तिथे नदीकाठी काय होतं, असलं काहीतरी बोलत राहिलीस. इतकं सलग तू आपल्याबद्दल कधी बोलत नव्हतीस. मी म्हणाले, 'आई, जास्त होतंय. काढ तो.' तू बोलायची थांबलीस आणि काढलास.

तू सांगितलं होतंस, आई. काटा साडेबावीसवर होता. तेवढं मला पक्कं आठवतं.